बाटलीवर नाव अँगोस्तुरा, आत अँगोस्तुराची साल नाही: डॉ. झीगर्टची गोष्ट

कॉकटेल बनवणाऱ्या बहुतेक बारमध्ये मागच्या फळीवर एक छोटी बाटली असते. पिवळं झाकण आणि बाटलीच्या मापापेक्षा चक्क मोठं लेबल, इतकं मोठं की ते वर गळ्यापर्यंत चढलेलं असतं. नाव ‘अँगोस्तुरा बिटर्स’. ही प्यायची नसते, पेल्यात चार-दोन थेंब टाकायची असते. वनस्पतींचा कडू, सुगंधी अर्क, मद्यार्काचं प्रमाण ४४.७ टक्के.

आता गंमत बघा. दक्षिण अमेरिकेत ‘अँगोस्तुरा साल’ नावाची एक औषधी साल खरोखर आहे, आणि एकेकाळी ती युरोपातल्या औषधालयांत विकली जायची. त्यामुळे कुणालाही वाटेल की हा अर्क त्याच सालीचा असणार. तसं नाहीये. या अर्कात अँगोस्तुराची साल नाही, असं उत्पादक स्वतःच सांगत आला आहे. नाव आलंय ते गावावरून. आणि त्या गावाचंही नाव आता अँगोस्तुरा नाही, आणि अर्कही आता त्या गावात बनत नाही!

मी वनस्पतिजन्य रसायनांवर पीएचडी करते. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताय, पुढे वनस्पती, औषधं, रसायनशास्त्र यात काम करणार आहात, त्यांच्यासाठी ही गोष्ट मला फार कामाची वाटते. कारण एकाच शब्दाखाली तीन-चार वेगवेगळ्या वस्तू लपल्या की जुने संदर्भ वाचताना काय होतं, ते इथे अगदी स्पष्ट दिसतं. एकदा तर त्यात माणसांना विषबाधा झाली होती. आणि त्या विषाचं झाड आपल्या कोकणातलं आहे. पण ते नंतर.

आधी साल. अठराव्या शतकाच्या शेवटी, १७८८ च्या सुमारास, ही साल वेस्ट इंडिजमार्गे इंग्लंडला पोहोचली. ताप आणि हगवण यांवरचं औषध म्हणून. तापावर तेव्हा सिंकोनाची साल चालायची, पण ती महाग आणि भेसळ भरपूर. त्यामुळे नव्या कडू सालीचं स्वागत झालं. साल ज्या झाडाची ते आपल्या लिंबू, बेल आणि कढीपत्त्याच्या कुळातलं. १८०० साली जून-जुलैमध्ये हुम्बोल्ट आणि बाँपलाँ हे दोघे ओरिनोको नदीच्या प्रवासाहून परत येताना अँगोस्तुरा गावात मुक्कामाला होते आणि दोघंही तापाने आडवे झाले. हुम्बोल्टने त्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवलंय की त्याने मध आणि या सालीचा अर्क असं मिश्रण घेतलं. तो लवकर उठला, बाँपलाँचं दुखणं मात्र लांबलं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो याने या झाडाला बाँपलाँच्याच नावावरून ‘बाँपलांडिया ट्रायफोलिआटा’ असं नाव दिलं. त्यानंतर याच सालीच्या संदर्भात कुस्पारिया फेब्रिफ्यूगा, गॅलिपिया ऑफिसिनॅलिस आणि अँगोस्तुरा ट्रायफोलिआटा अशी नावं येत राहिली. म्हणजे नुसत्या सालीच्याच मागे चार शास्त्रीय नावांची रांग.

आणि इथे भानगड सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातल्या औषधालयांत अँगोस्तुरा साल घेतलेल्या काही रुग्णांना झटके यायला लागले. हॅम्बर्गच्या एका डॉक्टरने १८०४ मध्ये याकडे लक्ष वेधलं. तपासाअंती लक्षात आलं की बाजारात दोन साली फिरताहेत. एक खरी, आणि दुसरी दिसायला बरीचशी तशीच पण जहाल विषारी. दुसरीला ‘खोटी अँगोस्तुरा’ असं नाव पडलं. पण ती कुठल्या झाडाची? काही काळ युरोपातल्या अभ्यासकांची समजूत होती की ती ॲबिसिनियातल्या ‘ब्रुसिया’ वंशातल्या झाडाची आहे. हा वंश जेम्स ब्रूस या प्रवाशाच्या नावाने ओळखला जातो.

१८१९ मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हाँतू या जोडीने या खोट्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळं केलं आणि झाड ब्रुसिया आहे असं धरून त्याला नाव दिलं ब्रुसीन. नंतर कळलं की साल ब्रुसियाची नव्हतीच. ती होती स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिकाची. म्हणजे आपला काजरा, कुचला! कोकणातल्या माणसाला काजऱ्याची ओळख करून द्यायला नको. ‘काजऱ्याच्या बिया तोंडात घालू नको’ हे तिथे लहानपणीच कानावर पडतं. तर काजऱ्यातल्या रसायनाला आफ्रिकेतल्या झाडाचं नाव मिळालं, कारण दक्षिण अमेरिकेतली म्हणून विकलेली साल भारतीय झाडाची निघाली. आणि नाव तेच राहिलं. आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात ब्रुसीनच आहे. ज्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रात मिश्रणातले आरसे-प्रतिमा रेणू वेगळे करायला ब्रुसीन वापरतात असं वाचलंय, त्यांना ते नाव कुठून आलं हे आता कळलं असेल.

खरी-खोटी ओळखायची चाचणी साधी होती. सालीच्या आतल्या बाजूवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकायचा. ब्रुसीन असेल तर रक्तासारखा लाल रंग येतो. खऱ्या सालीवर असा रंग येत नाही. ही चाचणी औषधशास्त्राच्या पुस्तकांत पुढे बराच काळ छापली गेली. पण तोवर अँगोस्तुरा सालीवरचा विश्वास पार डळमळला होता. तिची पत पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

आता झीगर्ट. योहान गॉटलीब बेंजामिन झीगर्ट, जन्म १७९६, सायलेशियातला. तेव्हाचा प्रशिया, आताचा पोलंड. वैद्यकीचं शिक्षण बर्लिनला. १८१५ च्या वॉटर्लू मोहिमेत प्रशियन सैन्याबरोबर लष्करी शल्यवैद्य. नेपोलियनची युद्धं संपली तेव्हा युरोपभर असे कितीतरी सैनिक आणि लष्करी डॉक्टर मोकळे झाले. त्याच वेळी अटलांटिकपलीकडे सिमॉन बोलिव्हार स्पेनविरुद्ध लढत होता आणि त्याला नेमकी अशीच माणसं हवी होती. ओरिनोकोच्या काठचं अँगोस्तुरा हे १८१७ पासून बोलिव्हारच्या बाजूकडे होतं, १८१९ ची प्रसिद्ध काँग्रेस तिथेच भरली. अँगोस्तुरा म्हणजे स्पॅनिशमध्ये अरुंद जागा. नदी तिथे निमुळती होते म्हणून गावाचं नाव तसं. १८२० मध्ये झीगर्ट तिथे आला आणि लष्करी इस्पितळाचा मुख्य शल्यवैद्य झाला.

वर्ष लक्षात ठेवा: १८२०. याच वर्षी तिकडे पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनातून क्विनीन वेगळं केलं. म्हणजे एकीकडे प्रयोगशाळेत औषधी सालीतून एकेक शुद्ध द्रव्य बाहेर काढलं जात होतं, आणि दुसरीकडे जंगलाच्या काठावर एक डॉक्टर अनेक वनस्पती एकत्र करून एक मिश्रण बनवत होता. हे दोन अगदी उलटे रस्ते आहेत. दोन्ही एकाच काळात चालू होते आणि दोन्ही ‘औषध’च शोधत होते. विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपल्याला पहिला रस्ताच शिकवतात, दुसरा जणू नव्हताच.

झीगर्टसमोरचा प्रश्न होता पोटाचा. उष्ण हवा, खराब पाणी, लष्करी खाणं. सैनिकांची भूक मरलेली, पचन बिघडलेलं. युद्धात गोळीपेक्षा पोटाचे आणि तापाचे आजार जास्त माणसं नेत होते, हे त्या काळातल्या कुठल्याही सैन्याला लागू आहे. चार वर्षांच्या खटपटीनंतर १८२४ मध्ये त्याने ‘अमार्गो आरोमातिको’ तयार केला. अर्थ सरळ आहे: सुगंधी कडू अर्क. सुरुवातीला तो इस्पितळातल्या रुग्णांसाठी आणि ओळखीपाळखीतल्यांसाठी होता.

कंपनीच्या लिखाणात ‘चार वर्षांचं संशोधन’ असा शब्दप्रयोग येतो. इथे आपण संशोधक म्हणून जरा थांबायला हवं. आज संशोधन म्हटलं की तुलनेचा गट, मोजमाप, नोंदी असं चित्र डोळ्यासमोर येतं. जेम्स लिंडने १७४७ मध्ये स्कर्व्हीच्या १२ खलाशांवर तुलना करून पाहिली होती हे खरं. पण रुग्णांचे आकडे मांडून उपचाराचा परिणाम तपासायची पद्धत पॅरिसच्या पिएर लुईने रुजवली ती १८३० च्या दशकात. म्हणजे झीगर्टच्या अर्कानंतर. त्यामुळे १८२४ मधलं ‘संशोधन’ म्हणजे बहुधा एका अनुभवी डॉक्टरने वनस्पती चाखून, मिसळून, रुग्णांना देऊन, निरीक्षण करून पुन्हा बदलणं. याला मी कमी लेखत नाहीये. पण जुना मजकूर वाचताना आजचा अर्थ त्या शब्दात कोंबू नये, एवढंच.

मग अर्कात आहे काय? नेमकं सूत्र गुपित आहे. पण लेबलवर जे घटक जाहीर आहेत त्यात जेन्शियन आहे, युरोपच्या डोंगरात पिवळ्या फुलांनी येणाऱ्या झाडाचं मूळ. त्याच्या कडूपणाचं मुख्य कारण अमारोजेन्टिन हा रेणू. तो ५ कोटी ८० लाख पट पातळ केला तरी जिभेला कडू लागतो असं मोजलं गेलंय. निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. आणि हे आपल्याला परकं अजिबात नाही. आपलं काडेचिराईत जेन्शियनच्याच कुळातलं आहे आणि त्यातही अमारोजेन्टिन आहे. ताप आला की आजी जो कडू काढा नाक दाबून पाजायची, त्याची आणि या बारमधल्या बाटलीची रसायनाच्या पातळीवर सोयरीक आहे. झीगर्टने भूक वाढवायला कडूच का निवडलं, हेही यातून समजतं: जेवणाआधी कडू दिलं की लाळ आणि पाचक रस सुटतात, ही समजूत युरोपात आणि आपल्याकडे दोन्हीकडे जुनीच.

मद्यार्काचं प्रमाणही बघण्यासारखं आहे. जेन्शियनमधली कडू द्रव्यं साखरेला जोडलेली असतात, ग्लायकोसाइड प्रकारची. ती पाण्यात चांगली उतरतात. मसाल्यांमधली सुगंधी तेलं पाण्यात उतरत नाहीत, त्यांना मद्यार्क लागतो. निम्मं-निम्मं पाणी आणि मद्यार्क घेतलं की दोन्ही येतात. आमच्या लॅबमध्ये आम्ही ‘हायड्रोअल्कोहोलिक एक्स्ट्रॅक्ट’ असं भारदस्त नाव देऊन जे करतो ते हेच. शिवाय एवढ्या मद्यार्कात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे ओरिनोकोच्या उकाड्यात आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या जहाजप्रवासातही अर्क टिकतो. आपल्या आसव-अरिष्टांशी याची तुलना करायचा मोह होतो, पण फरक आहे. आसवात मद्यार्क आंबवताना आतच तयार होतो आणि कमी असतो. इथे तो बाहेरून घातला जातो आणि जास्त असतो.

या टिकाऊपणामुळेच अर्क गावाबाहेर पडला. अँगोस्तुरा हे नदीवरचं बंदर, येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांनी बाटल्या बरोबर नेल्या. १८३० मध्ये त्रिनिदाद आणि इंग्लंडला निर्यात सुरू झाली. पुढे ब्रिटिश नौदलातले अधिकारी तो जिनमध्ये घालून पिऊ लागले आणि गुलाबीसर ‘पिंक जिन’ जन्माला आली. पोटाचं औषध पेल्यात कधी शिरलं ते बघा. १८५० मध्ये झीगर्टने सैन्यातलं पद सोडलं आणि पूर्णवेळ धंद्यात उतरला. डॉक्टरचा कारखानदार व्हायला २६ वर्षं लागली. मला वाटतं हा काळ फार बोलका आहे. रातोरात काही झालं नाही, इस्पितळ आणि अर्क ही दोन कामं दीर्घकाळ शेजारी शेजारी चालली.

मधल्या काळात, १८४६ मध्ये, गावाचं नाव बदलून सिउदाद बोलिव्हार झालं. अर्कावर झीगर्टने ‘सुगंधी कडू अर्क’ असंच नाव ठेवलं होतं, पण गिऱ्हाइकं त्याला गावाच्या नावाने ओळखायची. आपण नाही का ‘सावंतवाडीची खेळणी’, ‘कोल्हापुरी चप्पल’ म्हणत. गावाने नाव टाकलं, गिऱ्हाइकांनी टाकलं नाही.

झीगर्ट १८७० मध्ये वारला. धंदा मुलांकडे गेला; थोरला कार्लोस, मग आल्फ्रेदो, पुढे लुईस. व्हेनेझुएलातली सततची बंडाळी बघून १८७५ मध्ये त्यांनी सगळा बाडबिस्तरा पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे ब्रिटिश अमलाखालच्या त्रिनिदादला हलवला. म्हणजे आता साल नाही, गाव नाही, आणि ज्याच्या नावाने अर्क तो डॉक्टरही नाही. उरलं ते नाव. आणि बरोबर याच वेळी नावावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या.

१८७८ चा लंडनच्या चॅन्सरी न्यायालयातला झीगर्ट विरुद्ध फिंडलेटर हा खटला कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. प्रतिस्पर्धी ‘अँगोस्तुरा बिटर्स’ याच नावाने, तशाच बाटलीत दुसरा अर्क विकत होता. प्रश्न असा की गावाचं नाव कुणा एकाचं कसं असेल? न्यायालयाने पाहिलं ते बाजाराकडे: गिऱ्हाईक हे नाव ऐकून कुणाचा माल समजतो? झीगर्टचा. म्हणून कौल झीगर्टच्या बाजूने. पण १८८३ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या न्यायालयात बाल्टिमोरच्या ॲबट या उत्पादकाविरुद्ध हेच कुटुंब गेलं तेव्हा गणित उलटलं. तुमच्याच लेबलवरचा मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही, मग दुसऱ्याने फसवलं म्हणून आमच्याकडे दाद कशी मागता, असा एकूण सूर. एकच नाव, पाच वर्षांचं अंतर, दोन न्यायालयं आणि दोन उलट निकाल.

त्या अजस्र लेबलबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: एका भावाने बाटली ठरवली, दुसऱ्याने लेबल, दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत, आणि स्पर्धेची तारीख जवळ आल्याने तसंच चिकटवून पाठवलं. गोष्ट गोड आहे, म्हणूनच मी तिच्याकडे जरा संशयाने बघते. नकली मालाशी झुंजणाऱ्या घराण्याला बारीक अक्षरांत भरपूर मजकूर, सही आणि पदकं छापायला मोठं लेबल सोयीचंच होतं. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनातलं पदक अजून त्यावर आहे. लेबल मोठं होण्यामागे हे कारण पुरेसं आहे, भावांचं भांडण लागत नाही.

शेवटी गुपिताचा मुद्दा, कारण तो आपल्या पिढीच्या संशोधकांना थेट भिडतो. पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी क्विनीनची पद्धत पेटंट न घेता प्रसिद्ध केली. काही वर्षांत ठिकठिकाणी क्विनीन बनू लागलं. १८२७ मध्ये फ्रेंच अकादमीने त्यांना १०,००० फ्रँकचं मोंत्यों पारितोषिक दिलं. झीगर्टने काहीच प्रसिद्ध केलं नाही. त्याच्या घराण्याने अर्क पिढ्यान्‌पिढ्या चालवला, आणि आज मालकी कुटुंबाकडे नसली तरी बाटली तीच आहे. पैशाच्या हिशेबात झीगर्ट जिंकला असं म्हणता येईल. पण त्याच्या अर्काने पोटाचा नेमका कुठला त्रास कितपत कमी व्हायचा, हे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला तपासता यावं अशी सोयच राहिली नाही. औषध म्हणून ते तिथेच थांबलं आणि मसाला म्हणून जगलं. गाईड जेव्हा ‘आधी पेटंट टाकू, पेपर नंतर’ म्हणतात, तेव्हा मला हे दोन रस्ते आठवतात. पेटंटमध्ये निदान पद्धत उघड करावी लागते. गुपितात तेही नाही.

आता कामाचं. तुम्ही जुने संदर्भ शोधताना नुसतं ‘अँगोस्तुरा’ टाकलंत तर निकालात साल, गाव, अर्क आणि १८१९ ची काँग्रेस असं सगळं एकत्र येईल. सालीबद्दल हवं असेल तर वर दिलेली चारही शास्त्रीय नावं वेगवेगळी टाका. आणि १८०४ नंतरच्या काही दशकांतला एखादा विषबाधेचा वृत्तांत हाती लागला, तर लेखकाने सालीची ओळख कशी पटवली होती ते आधी बघा. नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून बघितला होता का? लाल रंग आल्याची नोंद असेल तर तो निबंध अँगोस्तुराच्या फाईलमध्ये नका ठेवू, काजऱ्याच्या ठेवा.